बिनउंबऱ्याची घरं

सुमंतचं एक आवडतं वाक्य होतं. "हा वृद्धाश्रम नव्हे!" सांगलीतल्या हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये गुंतवणूकदारांसमोर उभा राहिला की तो आधी हेच म्हणायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, आणि मग समोरच्या रांगेकडे असा रोखून बघायचा की जणू त्या लोकांनीच नुकतं वृद्धाश्रमाचं नाव काढलं आहे. ते बिचारे वडा-सांबार कधी येतंय याची वाट बघत बसलेले असायचे.

"पंचावन्न ते पंच्याहत्तर," सुमंत पुढे सांगायचा. "हातीपायी धड, पेन्शन चालू, पोरं पुण्यात नाहीतर परदेशात. या माणसांना आपण म्हातारी म्हणून मोकळे होतो. अहो, त्यांना पोहायचंय, बॅडमिंटन खेळायचंय, गाणं शिकायचंय! त्यांना हवी आहेत आपल्यासारख्यांच्या शेजारातली घरं. आणि साताऱ्यासारखी हवा आहे कुठं? पुढची दहा वर्षं या घरांची आहेत. आज पाऊल टाकील तो पुढं जाईल."

यात खोटं काही नव्हतं. सुमंत खोटं बोलणारा माणूस नव्हेच, नुसता जास्त बोलणारा होता. पन्नाशी ओलांडली होती, पोट किंचित सुटलं होतं, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती कुणाच्या बापाच्यानं बाहेर निघत नसे. सध्या डोक्यात 'सांजमोहोर' होतं. साताऱ्याहून वाईकडे जाताना हायवे सोडून दोन किलोमीटर आत, मागे डोंगर आणि पुढे उसाची शेतं, अशा जागी त्यानं अठ्ठेचाळीस बैठी घरं बांधली होती. न्हाणीघरात धरायला दांडे, पाय न घसरणारी फरशी, बटणं कमरेच्या उंचीवर, पलंगाशेजारी घंटी. दवाखाना गाडीनं पंधरा मिनिटांवर. प्रत्येक दारापुढं चिमूटभर अंगण आणि त्यात कढीपत्त्याचं रोप.

पण त्याच्या खऱ्या अभिमानाची गोष्ट वेगळीच होती, आणि ती दाखवायला तो खिशात कायम एक काचेची गोटी बाळगायचा. घर बघायला कुणी आलं की सुमंत अंगणात उकिडवा बसायचा आणि गोटी सोडायचा. ती दारातून आत, बैठकीतून स्वयंपाकघरात, कुठंही न अडखळता थेट ओट्यापर्यंत घरंगळत जायची. "बघा! अख्ख्या घरात बोटभर चढ नाही. उंबराच नाही, तर ठेच लागणार कुठून?" असं म्हणून तो गुडघ्यावर हात टेकत उठायचा. उठताना कण्हायचा, पण तेवढं चालायचं.

यामागं कारण होतं. सहा वर्षांपूर्वी सांगलीच्या घरी त्याचे वडील अनंतराव दाराच्या उंबऱ्याला अडखळून पडले. काळ्या दगडाचा, चार बोटं उंच उंबरा होता तो. खुब्याचं हाड मोडलं, माणूस आठ महिने अंथरुणावर राहिला आणि मग गेला. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि सुमंतनं गवंड्याची वाट न बघता स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन तो उंबरा फोडून काढला. हाताला फोड आले. त्याची आई, गोदावरीबाई, आतल्या दाराशी उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. चहा करून आणला आणि फोडांना लावायला खोबरेल तेल. सांजमोहोरची कल्पना सुमंतच्या डोक्यात त्या दिवशी शिरली, असं तो स्वतःच सांगायचा. अपघाताच्या दिवसाबद्दल मात्र तो कुणाशीच बोलत नसे. बायकोशीही नाही.

आता इतकं सगळं जुळवून आणलं म्हटल्यावर घरं पटापट जायला हवी होती. पण अठ्ठेचाळीसांतली कशीबशी सात गेली होती, तीही पोरांनी परदेशातून फोटो बघून घेतलेली. रविवारी गाड्या भरभरून माणसं यायची. मुलं-सुना खूश व्हायच्या, न्हाणीघरातले दांडे ओढून बघायच्या. म्हातारी माणसं बाहेर असेपर्यंत हसायची-बोलायची, आणि दारातून आत गेली की गप्प व्हायची. जाताना एकच, "विचार करून सांगतो." आणि मग कुणी काही सांगायचं नाही. सुमंतनं फरशीचा रंग बदलला, ओट्याचा दगड बदलला, गेटवर चहा-बिस्किटं ठेवली. लोक चहा पिऊन जायचे.

शेवटी त्यानं आईला गळ घातली.

"तू नुसतं यायचं आणि नमुन्याच्या घरात बसायचं. रिकाम्या घरात माणसाला कसंतरी होतं. आत कुणीतरी तुझ्यासारखं, चहा करतंय, पेपर वाचतंय..."

"म्हणजे कापडाच्या दुकानातली बाहुली," गोदावरीबाई म्हणाल्या. "साडी कुठली नेसू ते तूच सांग."

पण गेल्या. बहात्तर वर्षांच्या गोदावरीबाई सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, तीसच्या वर वर्षं. कानाला यंत्र लावून अख्ख्या जिल्ह्याचे ट्रंक कॉल त्यांनी जोडून दिले होते. लाइनीवरचा माणूस रागानं गप्प आहे की रडू येतंय म्हणून, हे त्यांना नुसत्या श्वासावरून कळायचं. पहिल्याच रविवारी त्यांनी पिशवीतून आपले कप, आपलं आलं आणि आपली किसणी नेली. दुसऱ्या रविवारी शेजारच्या रिकाम्या घरापुढच्या कढीपत्त्यालाही पाणी घातलं. तिसऱ्या रविवारी तर घर बघायला आलेल्या चार अनोळखी बायका त्यांच्या ओट्याशी उभ्या राहून मटार सोलत होत्या, आणि आतून हसण्याचा असा आवाज येत होता की सुमंतची विक्री बघणारी माया त्याला म्हणाली, "सर, आत आपलं घर विकतंय की हळदीकुंकू चाललंय?"

त्याच रविवारी रहिमतपूरहून भाऊसो आणि चंद्राबाई आले होते. बरोबर पुण्याचा मुलगा शिवतेज. हळद-आल्याचा व्यापार भाऊसोंनी भावाच्या हाती दिला होता आणि आता दोघांना निवांत जागा हवी होती. सुमंतनं गोटी सोडली. गोटी आत गेली. भाऊसो तिच्या मागोमाग आत गेले. चंद्राबाईंनी चपला काढल्या, दारापाशी आल्या, उजवा पाय चांगला वीतभर उचलला आणि तसाच क्षणभर अधांतरी ठेवला. मग खाली बघितलं, आणि पाय मागं घेतला.

"अगं, आत ये की," भाऊसो आतनं म्हणाले.

"दिसतंय हितनंच. झ्याक हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

"आई, दाराबाहेरून काय बघतेस? किचन बघ तरी," शिवतेज म्हणाला.

"बगितलं म्हंते न्हवं? बगू, इचार करून सांगतू."

सुमंतनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. त्यांना जाताना त्यानं सांजमोहोरची तिसरी माहितीपुस्तिकाही दिली, दोन आधीच दिलेल्या असूनही.

संध्याकाळी परत सांगलीला निघाल्यावर कराड मागं पडलं तेव्हा गोदावरीबाई म्हणाल्या, "सुमंत, एक घर माझ्या नावानं लिही. कोपऱ्यातलं, आंब्याजवळचं."

सुमंतला वाटलं, आई गुंतवणुकीबद्दल बोलते आहे. "लिहू की. भाड्यानं देता येईल."

"भाड्यानं कशाला? मी राहणार आहे."

गाडी चालूच राहिली, हे नशीबच. पुढच्या ढाब्यापाशी त्यानं ती बाजूला घेतली.

"मयूरी काही बोलली का तुला?"

"मयूरीसारखी सून मिळायला भाग्य लागतं. तिचं नाव काढू नकोस."

"मग माझं काय चुकलं?"

"काही नाही रे. तुमचं दोघांचं काहीच चुकत नाही. मी उठले की तुम्ही म्हणता, आई बसा. मी भाजी चिरायला घेतली की मयूरी सुरी काढून घेते. सकाळी दहाला तुम्ही जाता, सातला येता. मधे मी गॅसवाल्याची वाट बघते. आज चार बायका माझ्या हातचा चहा प्यायल्या. एक म्हणाली, साखर कमी आहे. किती वर्षांत मला कुणी असं ठणकावून सांगितलं नव्हतं."

"पण लोक काय म्हणतील? जगाला घरं विकता विकता यानं स्वतःच्या आईलाच नेऊन ठेवली!"

"त्यांना सांग, हा वृद्धाश्रम नव्हे," गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या. "तुला तोंडपाठ आहे."

खरी गोष्ट अशी, की त्याला लोकांची भीती नव्हतीच. बाबा गेल्यावर त्यानं मनाशी ठरवलं होतं की आईला आता धक्का म्हणून लागू द्यायचा नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. ती घरात नसणार, हे त्याला सोसणार नव्हतं. पण एवढं साधं बोलायला तो गुंतवणूकदारांसमोर उभा नव्हता.

"आणि एक," गोदावरीबाई म्हणाल्या. "माझ्या घराला उंबरा करून दे."

"उंबरा?" सुमंतचा आवाज चढला. "बाबा कशानं गेले ते विसरलीस? ज्यानं माझा बाप नेला तीच वस्तू मी तुझ्या दारात बसवू? मागशील ते देईन आई, पण उंबरा नाही. आणि तू तिथं राहायचंही नाहीस. विषय संपला."

आष्ट्याच्या पुढं पाऊस लागला, तेव्हा गोदावरीबाईंनी आपल्या बाजूची काच वर केली.

सुमंत चार-पाच दिवस फुरंगटून राहिला. एवढा मोठा बाप्या, पण जेवायला बसला की ताटातच बघायचा. मयूरीनं एकदा सांगून पाहिलं, "त्यांनी मला आधीच विचारलं होतं. मला रडू आलं. पण मग मी विचार केला, त्या काही पळून जात नाहीयेत. त्यांना जगायचंय." सुमंतनं आमटी आणखी वाढून घेतली.

शुक्रवारी सकाळी तो साताऱ्याला निघायच्या गडबडीत होता. गाडीची किल्ली सापडेना म्हणून दाराजवळच्या कपाटात शोधत होता. गोदावरीबाई फुलं काढायला बाहेर निघाल्या. दारापाशी आल्या, उजवा पाय चांगला वीतभर उचलला, पुढं टाकला, आणि गेल्या.

सुमंत कपाटाचं दार धरून तसाच उभा राहिला. तिथं उंबरा नव्हता. पाच वर्षांपासून नव्हता. नुसती फरशी होती, त्यानं स्वतः बसवलेली. थोड्या वेळानं गोदावरीबाई परडी घेऊन आत आल्या, आणि पुन्हा नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून आल्या. मग त्याला चंद्राबाईंचा अधांतरी पाय आठवला. त्याच्या आधीच्या रविवारची वाईची एक बाई आठवली, तिच्या आधीच्या कितीजणी आठवल्या. सगळ्या दारापाशी येऊन क्षणभर थबकल्या होत्या, आणि तो मात्र फरशीचा रंग बदलत बसला होता.

साताऱ्याला पोचल्या पोचल्या त्यानं मायाला विचारलं, "खरं सांग, बायका उंबऱ्याबद्दल काही बोलतात का?"

माया अवघडली. "सर, सगळ्याच बोलतात. पण तुमच्यापुढं नाही. पोरांपुढं तर नाहीच. पोरं म्हणतील, आई अजून जुन्यातच आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं गोटी सोडता. काय सांगू?"

सुमंतनं खिशात हात घातला. गोटी हाताला लागली, आणि त्याला प्रथमच तिची लाज वाटली.

"ते हळदी-कुंकवाचं, पूजेचं असणार," तो म्हणाला.

"त्यांचं असेल. आमच्या घरी बुद्धवंदना असते, उंबऱ्याची पूजाबिजा काही नाही. पण माझी आजी रोज संध्याकाळी उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उभी राहायची. आम्ही शाळेतून येऊन बाहेरच्या अंगाला थांबायचो. ती आधी तोंडाकडं बघायची, मग म्हणायची, या. मार खाल्लेला असो, नापास झालेलं असो, तिनं या म्हटलं की संपलं." मायानं हातातल्या पुस्तिका टेबलावर ठेवल्या. "सर, तुमच्या घरात माणूस कधी आत आला तेच कळत नाही. कुणाला या म्हणायला जागाच नाही."

त्या दिवशी सुमंत लवकर परतला. गोदावरीबाई मागच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. तो शेजारी जाऊन बसला आणि शेंगा फोडू लागला. दाणे कमी आणि टरफलंच जास्त सुपात पडत होती.

"आई, तू अजून पाय उचलतेस."

"कुठं?"

"दारात."

गोदावरीबाईंचे हात थांबले. "अस्सं. मला ठाऊकच नव्हतं." मग हसल्या. "सेहेचाळीस वर्षं ओलांडला रे तो. तो गेला हे पायाला कुणी सांगायचं?"

"मी काढला तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू हातोडा असा मारत होतास की मला वाटलं, याला मारू दे. याचं मन तरी मोकळं होईल."

सुमंतनं शेंग खाली ठेवली. सहा वर्षं घशात अडकलेली गोष्ट आता बाहेर यायला बघत होती, आणि ती अडवायला त्याच्यापाशी एकही तयार वाक्य नव्हतं.

"मी हॉर्न वाजवला होता आई," तो म्हणाला. "तेव्हा पुण्याला होतो ना मी, तिथून न सांगता आलो होतो. फाटकाशी गाडी थांबवली आणि तीनदा हॉर्न वाजवला. लहानपणी बाबा स्कूटरचा वाजवायचे ना, तसा. ते धावत आले. मी बघत होतो. हसत आले, आणि..." त्यानं खाली ठेवलेली शेंग परत उचलली. "उंबऱ्यानं नाही, मी पाडलं त्यांना."

गोदावरीबाईंनी सूप बाजूला सरकवलं. मुलाचं डोकं, पांढरं होत चाललेलं, आपल्या खांद्यावर घेतलं.

"एवढं घेऊन फिरत होतास होय रे," त्या म्हणाल्या. "आठ महिने ते पडून होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगायचे, ऐकलं नाहीस कधी? तुझ्या मागंच सांगायचे. म्हणायचे, पोरगा आला म्हणून पळालो. या वयात इतका आनंद झाला की उंबरा दिसला नाही. हे सांगताना हसायचे, सुमंत. दुखत असताना हसायचे. त्यांना तू पाडलं नाहीस, आणि त्या बिचाऱ्या दगडानंही नाही. घाई झाली त्यांना, इतकंच. तुला बघायची घाई."

सुमंत रडला. मागच्या पायरीवर, उजेडात, पन्नाशीचा गडी हमसून हमसून रडला. शेजारच्या गच्चीवर कपडे काढायला आलेली बाई दोन पावलं मागं सरली आणि कपडे तिथंच राहिले.

रडून झाल्यावर त्यानं नाक पुसलं. "पण मला भीती वाटते आई. उंबरा म्हटलं की अजून वाटते."

"मग भीती न वाटेल असा कर. तू बिल्डर आहेस ना? का नुसता बोलायलाच उभा राहतोस?"

पाटणकडचे धोंडिराम मिस्त्री सांजमोहोरच्या दारं-खिडक्यांचं काम बघायचे. साठी कधीच उलटली होती, आणि कामाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. सुमंतनं अडचण सांगितली. उंबरा पाहिजे, पण त्याला ठेच लागता कामा नये. व्हीलचेअर जायला हवी. आणि तरी तो उंबरा वाटला पाहिजे.

धोंडिरामांनी दारात बसून फरशीवर वीत टाकून बघितली. "सायेब, ह्ये तुमी घरं बांदायच्या आदी इचारायला पायजे हुतं."

"चुकलं मिस्त्री."

"चुकलं म्हन्तासा तर करू कायतरी. दगूड नगं. जुनं सागवान हाय माज्याकडं, लय निबार. फरशी येवढी कापायची आन् फळी आत बशिवायची, फरशीच्या अंगाबरूबर. वर न्हाई, खाली न्हाई. दोनी कडंला पितळंची पट्टी. अंधारात बी चमकंल. पायाला लागनार न्हाई, पर पाय पडला की तळव्याला कळंल, हितं घर लागलं."

"आणि पूजा?"

"आवं, लाकडाला हळद लागत न्हाई व्हय? चौकटीच्या दोनी अंगाला बोटं उटवायला जागा ठिवतो की."

चार दिवसांनी कोपऱ्यातल्या, आंब्याजवळच्या घराला उंबरा बसला. रुंद, तांबूस, गुळगुळीत फळी आणि दोन्ही बाजूंना पितळी रेघ. सुमंत अंगणात उकिडवा बसला आणि त्यानं गोटी सोडली. गोटी दारापर्यंत आली, पितळेवर टक् वाजली, लाकडावरून गेली, पुन्हा टक् वाजली, आणि आत ओट्यापर्यंत घरंगळत गेली. मिस्त्री म्हणाले, "आता कोन आलं त्ये आतल्याला कळंल तरी." सुमंतनं ती गोटी त्यांच्या नातवासाठी देऊन टाकली.

गोदावरीबाई दसऱ्यानंतरच्या सोमवारी राहायला गेल्या. सांगलीच्या घरातून निघताना मयूरीनं त्यांच्या हातावर दही घातलं. त्या दारापाशी आल्या, पाय वीतभर उचलला, आणि मग लक्षात येऊन स्वतःशीच हसल्या. "येते," म्हणाल्या. सुमंतनं सामान गाडीत ठेवायच्या निमित्तानं तोंड फिरवून घेतलं.

मायानं उंबऱ्याचं कळवल्यावर पुढच्या रविवारी चंद्राबाई भाऊसोंना घेऊन परत आल्या, मुलाला न आणता. गोदावरीबाईंच्या दारात उभ्या राहिल्या, सागवानाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि उजवा पाय आत टाकला. "ह्येच्या शेजारचं घर आमाला," त्या आतूनच भाऊसोंना म्हणाल्या. "आन् आमाला बी असाच उंबरा पायजे." धोंडिराम मिस्त्रींना मग दिवाळीपर्यंत दम खायला सवड मिळाली नाही. सुमंतच्या भाषणात एका वाक्याची भर पडली आणि एक वाक्य कमी झालं. 'हा वृद्धाश्रम नव्हे' असं तो आता म्हणत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "माझी आई राहते तिथं."

पण घर रिकामं लागायचं ते लागायचंच. संध्याकाळी गाडी लावून आत आला की त्याची नजर आधी आईच्या खुर्चीकडं जायची. मयूरीला ते दिसायचं. कार्तिकातल्या एका शनिवारी तिनं त्याच्या हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी दिली आणि म्हणाली, "जा, देऊन या. फोन करू नका, नाहीतर त्या चार पदार्थ करून ठेवतील."

दुपारी साडेतीनच्या सुमारास सुमंत सांजमोहोरला पोचला. अंगणात ऊन पडलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज आणि चंद्राबाईंचं "आवं, राणी माजी हाय!" असं ओरडणं ऐकू येत होतं. त्यानं सवयीनं दाराची घंटी बाबांच्या हॉर्नसारखी तीनदा वाजवली.

आतला आवाज एकदम थांबला. "सुमंत आला!" गोदावरीबाई म्हणाल्या. खुर्ची मागं सरकली, आणि चपलांचा आवाज दाराकडं येऊ लागला. भरभर, जवळजवळ पळत.

या वेळी तो नुसता बघत उभा राहिला नाही.

"आई," त्यानं बाहेरूनच हाक मारली, "सावकाश ये. मी कुठं जात नाही. मी थांबलोय."

चपलांचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, हळूहळू, एक पाऊल, मग दुसरं. सुमंत उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला पिशवी धरून उभा राहिला. दार उघडलं. गोदावरीबाई पितळी रेघेच्या आतल्या अंगाला थांबल्या, त्यांनी आधी त्याच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "ये."